सुट्टे राहिले

जळकोटच्या बसस्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानात,
दुपारी लाईट असली की मी हे बनवायचे:
एक पान. पानात पांढरा चौकोन, खाली बटण,
बटणावर एकच शब्द, 'तोड'.
रंग दिला नाही. पासवर्ड नाही, जाहिरात नाही.
कितीही लांब लिहा,
दोनशे ऐंशीच्या घासांत करून देणार,
पुढे आकडे लावून, एक बाय एकोणीस, दोन बाय एकोणीस.

गिऱ्हाईक एकच. मैनोद्दीन कंडक्टर, रिटायर,
उदगीर-मुखेड गाडीवर चोवीस वर्षं.
त्यांना लिहायचं होतं एका बाईबद्दल,
जिच्या तिकिटामागे त्यांनी लिहिलं होतं
चार रुपये साठ पैसे, खाली सही,
आणि गर्दीत ती उतरून गेली वांजरवाड्याच्या फाट्याला.
एवढंच. त्याला पाच हजार अक्षरं लागली,
कारण आधी गाडी सांगावी लागते,
मागच्या काचेच्या जागी ठोकलेला पत्रा,
ड्रायव्हर व्यंकट गुट्टे, त्याचा हलणारा दात,
टोपलीतली कोंबडी, आणि तिचं अर्धं तिकीट फाडावं का
ह्यावर घोणशीपर्यंत चाललेला वाद.
"थोडक्यात लिहा ना चाचा."
"गाडी न सांगता तिकीट कसं फाडू, पोरी?"

पहिल्यांदा बटण दाबलं
तर घाव नेमका त्यांच्या नावावर.
एका तुकड्याच्या शेवटी 'मैनोद्',
पाय मोडका द लटकलेला,
पुढच्याच्या सुरुवातीला 'दीन'.
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते पानाच्या तोंडानं हसले,
"बरोबरच करायलंय की तुझं मशीन. पेन्शन बघ माझी."

रात्री मोजलं. माझ्या डोळ्याला अक्षरं चार,
मै, नो, द्दी, न.
मशीनला नऊ. वेलांटी वेगळी, मात्रा वेगळी,
पाय मोडल्याची खूणसुद्धा वेगळी,
बोचक्याचं लगेज वेगळं लावावं तसं.
शिकवलं त्याला: खुणेपाशी थांबू नको,
मागे ये, मोकळी जागा दिसेपर्यंत मागे ये.
शब्द वाचले. वाक्यं मात्र दारात लोंबकळत राहिली,
आपल्यात क्रियापद सगळ्यांत शेवटी चढतं ना.
'तिला मी हाक' इकडे,
'मारली नाही' तिकडे.

गाडी कुठं थांबवायची हे कसं ठरवायचात, मी विचारलं.
"थांब्यावर. म्हातारं माणूस हात करायलं असलं
तर त्याच्या पुढ्यात.
तिरूच्या पुलावर कधीच नाही, कुणी कितीबी बोंबललं तरी."
मी तेच टाकलं कोडमध्ये:
आधी पूर्णविराम बघ, नसला तर स्वल्पविराम,
तोही नसला तर मोकळी जागा.
बाजूला टीप लिहिली, पुलावर नाही.

मंगळवारी एकोणीस तुकडे गेले.
वांजरवाड्याहून कुणी बोललं नाही.
बोलला लोह्याचा एक जण,
माझे पण दोन रुपये राहिलेत, दुसऱ्या कंडक्टरकडे.
मग मुदखेडची एक, आमच्या वडिलांचे आठ आणे.
मग देगलूर. मग कुणी थेट पुण्याहून,
पण गाडी अहमदपूरचीच.
दिवेलागणीपर्यंत सत्तावीस रुपये दहा पैसे निघाले.
चाचा चष्मा लावून बेरीज मांडायले पाकिटाच्या पाठीवर.
"ह्यातले माझे फक्त चार साठ."
जरा वेळानं, "त्या लोह्यावाल्याला पत्ता विचार."

जाताना दारात थांबले.
"एवढं केलंस तर अजून एक कर.
प्रत्येक तुकड्याला मागची बाजू दे.
काही राहिलं तर लिहायला."

मी माऊसवर हात ठेवून बसलेय तशीच.
लाईट गेली.
बाहेर मुखेड लागलीय,
आत कुणीतरी ओरडतंय, सुट्टे द्या, सुट्टे.